बोटभर अंतराच्या दोन गाठी

धायरी, पुणे
१४ नोव्हेंबर २००५

चि. सौ. सुरुचीस,
अनेक आशीर्वाद. तुझं दिवाळीचं कार्ड पोचलं. नागपुरात थंडी सुरू झाली असेल, पाय जपत जा. इकडे केदारची कंपनीची बस सकाळी सातलाच येते आणि मग दिवसभर घरात मी एकटी.

ह्यांना जाऊन आठ महिने झाले. त्यांनी कोरलेली ती मोठी शिसवी बाई केदारच्या हिंजवडीच्या ऑफिसने घेतली, दारातच उभी केली आहे. चेहरा नाही, हात नाहीत. मानेपासून उतरत आलेला खांदा आणि एका बाजूला कललेली कंबर, बस्स. पाटीवर काय लिहायचं, असं ऑफिसवाल्यांनी मला विचारलं. मी माझंच नाव सांगितलं, "श्यामला."

सगळ्यांनी कौतुक केलं. केदार मात्र परतताना एवढंच म्हणाला, "आई, तू तर कायम सरळ उभी राहतेस."

खरंच आहे ते. आपल्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर पाठीला पट्टी लावून बघायच्या. मी पट्टीसारखीच वाढले. तुला मात्र त्या काही म्हणत नसत, डावा पाय आखूड म्हणून. मला तेव्हाही तुझा हेवा वाटायचा. हसशील.

ह्यांची माप घ्यायची रीत तुला आठवत असेल. टेप नाही, दोरा. टाचेपासून वर नेत गुडघा, कंबर, खांदा अशा गाठी मारायच्या आणि नावाची चिठ्ठी बांधून ठेवायची. ह्यांच्या कामाच्या शेडमधल्या डब्यात असे सतरा दोरे निघाले. दूधवाले रंगराव, शेजारच्या दुर्गाबाई, अगदी पोस्टमनसुद्धा. माझ्या नावाचा एकही नाही. एका दोऱ्याला चिठ्ठीच नाही. त्याला कमरेच्या जागी दोन गाठी आहेत, बोटभर अंतरावर. दोन्ही पाय सारखे असले की एकच गाठ पुरते.

तो मी स्वतःला लावून पाहिला. कुठेच जुळला नाही.

ब्याण्णव साली पायाच्या ऑपरेशनसाठी तू दोन महिने आमच्याकडे होतीस. एकदा मी शिकवायचे ती शाळा लवकर सुटली म्हणून मी दुपारीच घरी आले. तू शेडमध्ये उभी होतीस आणि हे दोरा गुंडाळत होते. मी काय चाललंय विचारलं, तर म्हणाले, "पुडकं बांधतोय. हवं तर तुलाही बांधतो." तू हसलीस. पुडकं मला कुठे दिसलं नाही. आठवडाभरात केदारच्या परीक्षेचं निमित्त करून मी तुला गाडीत बसवलं. परीक्षा दीड महिना लांब होती. तुला ते ठाऊक होतं, तरी तू एका शब्दाने विचारलं नाहीस. त्यामुळेच मला जास्त संशय आला.

दोऱ्याने माप घ्यायचं तर माणसाला फार जवळ उभं राहावं लागतं, सुरुची.

तेरा वर्षं मी तुला हवापाण्याची पत्रं लिहिली. ह्यांना विचारायचं राहिलं असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे मी विचारलं नाही. आता तुलाच विचारते. त्या दुपारी फक्त माप घेतलं होतं का?

काहीही असो, पाटीवरचं नाव खोटं आहे. पुढच्या सोमवारी ऑफिसात जाऊन ती मी उतरवायला सांगणार आहे. तिथे तुझं नाव घालायचं की जागा कोरी ठेवायची, ते तुझ्या उत्तरावर. नुसतं "नाही" लिहिलंस तर मला पटेल असं वचन देत नाही. पण लिही.

तुझी, निदान उत्तर येईपर्यंत,
ताई