दोन गावचे थेटे

९ जानेवारी २०२६, शुक्रवार

सांगितलं एकदाचं आईला! ती नोव्हेंबरात दोह्याला आली तेव्हापासून रोज ठरवत होते आणि रोज जीभ वळत नव्हती. आज पोहे खाताना एका दमात सगळं — शशिकांत आणि मी लग्न करायचं म्हणतोय, त्याची बायको जाऊन पाच वर्षं झाली, बारा वर्षांची ओवी आहे, फरीज बिन ओमरानला राहतात. मला वाटलं वयावर बोलेल. माझं त्रेचाळीस, त्याचं एकोणपन्नास. किंवा मुलीवरून बोलेल. त्याबद्दल एक अक्षर नाही.

"आडनाव काय म्हणालीस?"

थेटे. आम्हीही थेटेच.

"मग भाऊ लागतो तुझा," म्हणाली आणि ताटली विसळायला उठली.

१० जानेवारी

दोन वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी फराळाच्या रांगेत 'थेटे' अशी हाक आली आणि एकाच डब्यासाठी आम्ही दोघं पुढे झालो. तेव्हा किती हसलो होतो! ओळख तिथलीच. आता तेच आडवं आलंय.

आईचं म्हणणं सरळ आहे. आडनाव एक म्हणजे भावकी एक, आणि भावकीत सोयरीक होत नाही. मी म्हटलं, आपण निफाडकडचे, ते संगमनेरकडचे. तर म्हणे मूळ एकच असणार. तुला काय माहीत, म्हटलं. "आणि नाही, हे तुला काय माहीत?"

मग विचारलं, त्यांच्यातलं कोणी गेलं तर आपण कधी सुतक पाळलंय का?

"कळलं असतं तर पाळलं असतं."

खोटं नाही ते. डिसेंबरात गावाकडच्या कुठल्याशा चुलत-चुलत आजोबांचं कळलं, मी त्यांना आयुष्यात पाहिलेलं नाही, तर दहा दिवस देव्हारा बंद. इथे दोह्यात, ओल्ड एअरपोर्ट भागातल्या फ्लॅटमध्ये!

मला कोणाच्या परवानगीची गरज नाही. मग एवढं का लिहितेय? कारण मला ती हवी आहे. सही नसलेलं ड्रॉइंग मी ऑफिसातसुद्धा पुढे जाऊ देत नाही.

१२ जानेवारी

ऑफिस सुटल्यावर शशिकांतकडे गेले. सगळं सांगितलं. हसला नाही, हे त्याचं मला आवडलं. ओवी अभ्यासाच्या नावाखाली ऐकत होती. "सो पासपोर्टवरचं नाव चेंज करायला नको. इझी."

शशिकांत म्हणाला, देवक बघू, लग्नात कुळाच्या झाडाची पानं बांधतात ते. देवक वेगळं निघालं तर प्रश्नच मिटला. पण त्याचं त्याला माहीत नाही. घरी येऊन आईला आमचं विचारलं. "लग्नात कपाळाला मुंडावळ्या होत्या माझ्या. पानं कसली होती ते बघत बसले होते होय मी?" बाबा असते तर त्यांना माहीत असतं. नाशकात नंदूदादाला फोन लावला, माझा चुलतभाऊ. त्याच्या लग्नात हॉलवाल्याने जी पानं आणून ठेवली ती बांधली, म्हणाला. आंब्याची असावीत. कदाचित अशोकाची.

आणि या देवकावर आमचं लग्न अडणार!

१४ जानेवारी

संक्रांत. शशिकांत तिळगूळ घ्यायला आला. आईने हातावर वडी ठेवली. "घ्या शशीभाऊ." जाताना पुन्हा, "या हं शशीभाऊ." जिन्यात तो इतका हसला की मलाही आवरेना. नंतर एकटीच रडले थोडी.

१६ जानेवारी, शुक्रवार

शशिकांतचे चुलते, आबा. वय अठ्ठ्याऐंशी, गावी असतात. त्यांच्यातलं जुनं माहीत असणारे तेवढेच उरलेत. शशिकांतने माझ्या घरून व्हिडिओ कॉल लावला. आई समोर यायला तयार नाही, स्वयंपाकघरात भाजी चिरत बसली.

आबा छातीचे आजारी आहेत, थांबून थांबून बोलतात. देवक? आठवत नाही. एवढं माहीत आहे की त्यांचे आजोबा गंगाराम एका मोठ्या दुष्काळात आईला आणि एका बैलाला घेऊन आले. कुठून? गोदाकाठाहून. गावाचं नाव मात्र जन्मात घेतलं नाही त्यांनी.

गोदाकाठ! आमचं गाव गोदाकाठीच आहे.

मी म्हटलं, आबा, मी जुन्या सरकारी कागदांत शोधते. ते खोकत हसले. आमचा आजा कागदाला लई भ्यायचा, म्हणाले. मग स्क्रीनच्या अगदी जवळ आले, नुसती मिशी दिसायला लागली.

"सून म्हणून ये नाहीतर लेक म्हणून ये पोरी. पण मी हाये तवर ये."

आत कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत होत्या. आईने गॅस बंद केला नाही.

२३ जानेवारी

जुने फेरफार आता सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून टाकलेत. जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, कोणाचे वारस कोण, सगळं त्यात. बहुतेक मोडीत. वर्णमालेचा कागद फ्रिजवर चिकटवलाय. वाचता असं येत नाही, पण 'थेटे' दिसलं की कळतं. आडनाव ओळखीच्या माणसासारखं गर्दीतून दिसतं!

सगळी नावं 'अमुक बिन तमुक' अशी, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक. शशिकांत म्हणाला, आपण आधीपासून कतारचेच दिसतोय. रोज येताजाता पाट्यांवर बिन वाचतो, आणि आपले खापरपणजे निफाडात बिन लावून बसलेले.

जसजसं मागे जावं तसं आडनाव विरळ होतं. काही कागदांत नाहीच, नुसतं माणसाचं आणि बापाचं नाव. ज्या शब्दासाठी आई अडून बसली आहे तो लिहायची गरजही कोणाला वाटली नव्हती. हे तिला सांगू का? नको. युक्तिवाद होईल तो, पुरावा नाही.

२७ जानेवारी

गंगाराम सापडला. आमच्या गावात.

२८ जानेवारी

काल पुढे लिहवेना. १९१३चा फेरफार. सटवा थेटे वारला, वारस रखमा व गंगाराम. रखमा म्हणजे माझे पणजोबा. १९२१च्या कागदावर मात्र एकटा रखमा. गंगारामचं नाव नाही. वाटणी नाही, विक्री नाही, काहीच नाही.

मधल्या काळात दुष्काळ पडला होता. आणि आबांचे गंगाराम दुष्काळातच गोदाकाठाहून आले.

म्हणजे शशिकांतचे पणजोबा आणि माझे पणजोबा सख्खे भाऊ? आई जे उगाच बोलली तेच खरं?

शशिकांतला सांगितलेलं नाही. त्याचा मेसेज आला, काही मिळालं का. मी लिहिलं, बघतेय. हे खोटं आहे की नाही? खोटंच आहे.

३० जानेवारी, शुक्रवार

सांगितलं. कॉर्निशवर, समुद्राकाठी फिरताना. ओवी पुढे सायकलवर होती. त्याने ओवीला फार पुढे जाऊ नकोस म्हणून हाक मारली. मग म्हणाला, समजा असतील सख्खे भाऊ. शंभर वर्षांपूर्वीचे. तुला चालेल?

मला चालेल, म्हटलं. आणि म्हणताना लक्षात आलं, खरंच चालेल. एवढे दिवस मी स्वतःसाठी शोधतेय असं समजत होते. पण हे लपवून आईसमोर बसणं मला चालणार नाही. आहे तसं तिला सांगावं लागेल, आणि मग ती येणार नाही लग्नाला.

तो म्हणाला, आधी पूर्ण तरी शोध. नंदूदादाला रात्री फोन केला. तहसीलला जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी असतात, जाऊन बघतो म्हणाला. "तू लग्न कर नाहीतर नको करू, माझ्या रजा संपव."

५ फेब्रुवारी

नंदूदादाचे फोटो आले. १९१८, मृत्यू. मोडी आहे, पण आकडे लगेच वाचता आले. गंगाराम बिन सटवा थेटे. कारण ताप. वय ९.

नऊ! वारसांत नाव लागलं तेव्हा तो चार वर्षांचा होता. फेरफारात वय नव्हतंच, मीच त्याला मोठा माणूस करून बैल घेऊन संगमनेरला पाठवलं होतं. तो कुठेच गेला नाही. आबांचे गंगाराम दुसरे.

ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. इतकं हलकं वाटत होतं! शशिकांतला फोन केला, तो नुसता "शुक्रन, शुक्रन" असे अरबीत आभार मानत राहिला, मी अरब असल्यासारखा.

मग परत फोटो पाहिला. माझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ, तापात गेला, आणि मी खूश झाले. त्या मुलाची आठवण शंभर वर्षांत कोणी काढली नसेल. पहिल्यांदा काढली ती मी, आणि तीही तो मेला म्हणून सुटल्यासारखं वाटून. लाज वाटली. पण सुटल्यासारखं वाटतंय हेही खरंच आहे, खोटं कशाला लिहू.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आईला सगळे कागद दाखवले. गंगारामचं ऐकल्यावर तिने चष्मा काढून ठेवला. "नऊ वर्षांचा," म्हणाली. "आईनं काय केलं असेल त्याच्या."

मग विचारलं, "म्हणजे भावकी नाही असं ठरलं?"

हो म्हणायचं होतं. हो म्हणाले असते तर संपलं असतं. पण ठरलेलं नाही. आहे असं कुठे सापडलं नाही, एवढंच. त्याच्याही मागे काय होतं ते कोणत्याच कागदावर नाही, आणि आता मिळणारही नाही. तसंच सांगितलं.

ती म्हणाली, "बरं." आणि चष्मा लावून मेथी निवडायला घेतली.

आपण फार प्रामाणिकपणा करून घालवलं का?

९ फेब्रुवारी

आईच्या तोंडी शशिकांतचं नावही नाही, भाऊ लावून नाही की न लावता नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आबा गेले. पहाटे, झोपेतच. आमचं जायचं राहून गेलं.

शशिकांतचा फोन ठेवला आणि आईला सांगितलं. ती नुकती आंघोळ करून आली होती, हातात फुलवाती. तशीच उभी राहिली. डोळे पुसले.

"त्यांना आता दहा दिवस सुतक," म्हणाली.

मग देव्हारा उघडला, देवांना पाणी घातलं, दिवा लावला आणि रोजच्यासारखी घंटा वाजवली.