पाठमोरा

गुरुवार, १२ मार्च. संध्याकाळ

मांजरी गावातून आमच्या अग्निशमन केंद्रावर आलेल्या वर्दीला एवढा वेळ का लागला, असं साहेबांनी विचारलं. तेव्हापासून तेच डोक्यात चाललंय.

चौथ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी न्हाणीघरात पडलेल्या. मुलगा अमेरिकेत. "आई, आतून कडी लावत जा," असं तोच फोनवर बजावतो, त्यामुळे शेजारच्या काकांकडे किल्ली असूनही दार उघडेना. मी गॅलरीतून आत उतरलो. न्हाणीघराचं दार नुसतं लोटलेलं. हात लावला तर आतून आवाज, "खबरदार! अंगावर कपडा नाही माझ्या."

आता? बाईमाणूस बोलवावं, तर भरदुपारी इमारतीतल्या सगळ्या बायका कामावर. आगीत शिरायचं शिकवलंय, हे कुणी शिकवलं नाही. पलंगावरची चादर ओढली, पाठमोरा आत गेलो आणि हात मागे करून ती दिली. त्या कण्हत, थांबत पांघरत होत्या. खालून साहेबांच्या हाका. मी भिंतीकडे तोंड करून उभा. घाई करायला हवी होती का? खुबा मोडला होता त्यांचा. पण "झालं" म्हणेपर्यंत वळलो नाही, आणि वळलो तरी मान खालीच.

जिना उतरताना स्ट्रेचरची पुढची बाजू माझ्याकडे, म्हणजे पुन्हा त्यांच्याकडे पाठच. ॲम्ब्युलन्सपाशी आजी म्हणाल्या, "अहो, आता तरी तोंड दाखवा. पाठीचे आभार मानायची पद्धत नाही आमच्यात."