उंबराचं पाणी कुठल्या विहिरीचं?

मरोळ गावठाण, अंधेरी पूर्व
४ जानेवारी १९८७

ह्युबर्टदादा,

नवं वर्ष तुला आणि वहिनीला सुखाचं जावो. आम्ही इकडे मजेत. लुसीच्या लग्नाचं कार्ड मिळालं ना? नाताळाआधीच टाकलं होतं. तुझं उत्तर नाही म्हणून मी पोस्टमनला शिव्या घालतेय, त्या बिचाऱ्याची काही चूक नसेल.

लग्न अठराला. आदल्या संध्याकाळी नवरीच्या आंघोळीसाठी बँड लावून विहिरीवरून उंबराचं पाणी आणायचं, पण आता कुठून? आपली विहीर बिल्डरने बुजवली तेव्हा तू म्हणालास, आता घराला मूळच उरलं नाही. मुलुंडला गेलास तो पुन्हा फिरकला नाहीस. मी म्हटलं, नळाचं घेऊ. आपला मार्कस म्हणाला, "नळापुढे बँड वाजवणार तू?" त्याच्या दहिसरच्या अंगणात विहीर आहे ना, म्हणून आता तेच मूळ घर. तू म्हणशील, थोरला मी, माझी मुलुंडची विहीर ती खरी.

मग आमच्या फिजिक्सच्या बाई, म्हणजे नवरीच, मधे पडल्या. लुसीने माझ्या शिलाईच्या डब्यातलं इलॅस्टिक काढलं, मला त्यावर बटणं शिवायला लावली आणि ताणलं. "मार्कसमामा, विश्व असं पसरतंय. कुठल्याही बटणावर बसून बघ, बाकीची तुझ्यापासूनच लांब जाताना दिसतील. जितकं दूरचं, तितकं जोरात."

हा कसला ऐकतोय. त्याने बटणं मोजली, मधलं पकडलं. "हा बघ मध्य. हे दहिसर."

लुसीने माझ्याकडून दोन्ही टोकं जोडून शिवून घेतली, परकराच्या कमरेसारखी. "आता दाखव मधलं." तो पट्टी फिरवून फिरवून दमला. मग म्हणतो, मध्य आतल्या पोकळीत आहे.

"पोकळीत कुणी राहतं का मामा? विश्व म्हणजे ही पट्टीच, बस."

त्याची वाट लागली. आम्ही पोट धरून हसलो. ठरलं असं की तुझ्या विहिरीचं, त्याच्या विहिरीचं आणि थोडं नळाचंही पाणी एकाच घागरीत ओतायचं. तू तुझी कळशी घेऊन ये.

दादा, पाण्याचं एवढं लिहिलं, कारण दुसरं लिहायला हात धजत नव्हता. लुसीचे पप्पा जाऊन वर्ष उलटलं. देवळात वेदीपर्यंत तिचा हात धरून कोण नेणार? मार्कसने सूट शिवायला टाकलाय. पण लुसी म्हणते, ह्युबर्टमामा आला तर त्याच्याबरोबर, नाहीतर एकटी चालेन. चालेलही ती, तिला मी ओळखते. मला मात्र ते बघवणार नाही रे.

तुला तिथून वाटतं, आम्ही सगळे लांब गेलो. मला इथून वाटतं, तू गेलास. दोघांनाही दिसतं ते खरंच आहे, मग भांडायचं कशाला?

तुझ्यासाठी पांढरा शर्ट शिवलाय. माप जुनंच धरलं, पोटाला फक्त दोन बोटं जास्त सोडलीत. विश्वच पसरतंय म्हटल्यावर तू कसा राहशील.

शर्टाला काजं करून तुझी वाट बघत बसलेली,
ॲग्नेस