गेलेल्यांचं झाड आधी

गुरुजी, शाळेच्या मागच्या भिंतीवर तुम्ही गेरूनं पानं काढायचात, ती आज सकाळपासून डोळ्यांपुढून हलत नाहीत. आम्हा प्रत्येकाला एकेक रोप दिलेलं, आणि रोपामागे भिंतीवर ज्याचा त्याचा हजेरीचा नंबर. बुडाला बारीक भोक पाडलेलं मडकं रोपावर धरायचं, एक कविता पूर्ण म्हणायची, आणि कविता संपली की भोकावर बोट. एका झाडाला तेवढंच पाणी. आठवडाभर ज्याचं पाणी चुकलं नाही त्याच्या नंबरापुढे शनिवारी गेरूचं एक पान. मला कवितेचा नाद लागला तो तिथंच. मी एकेका ओळीवर रेंगाळायचो, शेवटचा शब्द लांबवत न्यायचो, आणि माझ्या कडुनिंबाला सगळ्यांपेक्षा जास्त पाणी मिळायचं. तुम्ही लांबूनच म्हणायचात, "कविता म्हणून राह्यला का पाणी चोरून राह्यला रे?" पोरं हसायची. मीही हसायचो.

दिवाळी झाली की बंजारा तांड्यावरची मुलं आईबापांसोबत ऊसतोडीला जायची आणि अर्धा वर्ग रिकामा व्हायचा. त्या वेळचा तुमचा नियम वेगळा होता. गेलेल्यांचं झाड आधी, मग आपलं. "तो पाहाले इथं नाही, म्हणून तुमी पाहा," एवढंच तुम्ही सांगायचात. माझ्याशेजारी बसणाऱ्या तांड्यावरच्या मुलाचं रोप माझ्याकडे होतं. एका वर्षी संक्रांतीनंतर त्या जागी नुसती काडी उरली. तुम्ही विचारलं, आणि मी म्हटलं, शेळीनं खाल्लं. शाळेमागे एक म्हातारी शेळ्या चारायची. तुम्ही तिला बोलावून साऱ्या वर्गापुढं उभं केलंत. "शेळीले काय समजते? पन तुले तं समजाले पाह्यजे. लेकरू परत आलं का त्याले काय दाखवू मी?" ती म्हणाली, "नाई जी गुरुजी, माह्यी शेळी तं बांधेल होती." तिचं कोणी ऐकलं नाही. पुढे ती त्या बाजूला कधी फिरकली नाही.

हे सगळं वर येण्याचं कारण माझी नात. वाशिमला माझ्याजवळ राहून ती कॉलेजात शिकते. पाणी, माती, झाडं जपायला शिकवायचं म्हणून कॉलेजनं यंदा मुलांमध्ये एक खेळ लावला. मुलांचे गट पाडायचे, प्रत्येक गटानं एक वस्ती दत्तक घ्यायची, तिथल्या लोकांना पाणी वाचवायला शिकवायचं आणि दर रविवारी टाकीत किती पाणी उरलं ते मोबाइलमध्ये भरायचं. पाणी कमी वापरलं गेलं की मोबाइलवर एक हिरवं पान उगवतं. ज्याची पानं जास्त तो गट पहिला. मी निवृत्त मराठीचा मास्तर, पण माणूस कडक म्हणून परीक्षक नेमला गेलो. मोबाइलवरची ती पानं पाहिली आणि गुरुजी, मला तुमची भिंत दिसली. मी नाही म्हणू शकलो नाही.

नातीच्या गटाकडे मानोऱ्याकडचा एक तांडा आला, आपल्या शाळेपासून फार लांब नाही. दिवाळीनंतर त्यांच्या पानांना असा काही बहर आला की बाकीचे गट पाहतच राहिले. पोरांनी भिंतीवर चित्रं काढली होती, नळाला नव्या तोट्या बसवल्या होत्या, त्यांना वाटलं हा त्याचाच गुण. पोरं शहरातली, त्यांना काय माहीत. निकालाआधी मी तपासायला गेलो. घराघराला कुलूप, काही दारांवर बोरीच्या काटेरी बोराट्या आडव्या लावलेल्या. एका ओट्यावर एक म्हातारी बसली होती. तिनं तांब्या पुढं केला. "पानी पे मास्तर. तुमचे पोट्टे येतेत, टाकीत डोकावतेत, फोटू काढतेत. मले म्हंतेत, याडी, माय, तुमचा पयला नंबर आला. म्या म्हनलं, बापा, म्या तं शाळेची पायरीबी नाई चढली, पयली कशानं आली?" ती मनापासून हसली. मग म्हणाली, "तांडा तं गेला ऊस तोडाले. आमी चार बुढे मांगं राह्यलो. पानी प्याले कोन हाय?"

मी ते पाणी प्यायलो. गाडीत बसलो, आणि नातीच्या गटाच्या कागदावर सही केली. समारंभात तिनं ढाल घेतली तेव्हा ती किती दिवसांनी अशी हसली होती. आणि मला कविता म्हणायला बोलावलं होतं. मी म्हटली, तुम्ही शिकवली तशीच, ओळीओळीवर थांबत.

ते आकडे कॉलेजातच राहिले असते तर एक वेळ ठीक होतं. कौतुक म्हणून ते वर सरकारी कचेरीत गेले, आणि वर कोणीतरी वाचलं की या तांड्याला आता पाणी कमी लागतं. तांड्याची टाकी भरणारा टँकर दुसऱ्या गावाकडे वळवला गेला. टाकी कोरडी पडल्यावर म्हातारी घागर घेऊन नाल्याकाठच्या जुन्या विहिरीवर गेली. तिथं पायऱ्या उरलेल्या नाहीत. ती आत पडली हे दोन दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण लक्षात यायला तांड्यावर होतं कोण? तिचा मुलगा उसाच्या फडातून आला तोवर होळी होऊन गेली होती.

परवा नात माझ्यासमोर येऊन बसली. "आजोबा, तुमी तं या भागातलेच ना. तुमाले दिसलं नाही, लोकं गेले होते म्हणून पाणी उरलं?" मी चष्मा पुसत राहिलो. म्हटलं, "नाही पोरी, माह्या ध्यानात नाही आलं." तिनं हातातला मोबाइल पालथा ठेवला. मग म्हणाली, "चूक माहीच आहे. आकडे मीच भरले. सोमवारी ढाल वापस करते अन् सगळं सांगून येते." काल रात्रीपासून जेवली नाही. विहिरीचं नाव काढलं की उठून जाते.

आज सोमवार. मी पहाटेच टेबलाशी बसलो होतो, प्राचार्यांना दोन ओळी लिहायला: मला माहीत होतं, सही माझी आहे, मुलीला बोल लावू नका. कागद घेतला आणि वर तुमचं नाव आलं. तेव्हापासून तुम्हालाच लिहितो आहे, आणि तुम्ही जाऊन तर माझं अर्धं आयुष्य लोटलं. हे पत्र कुठं टाकायचं हेही मला ठाऊक नाही. त्या दोन ओळी एव्हाना दहा वेळा लिहून झाल्या असत्या.

आत्ता ती दारात येऊन उभी राहिली. ढाल जुन्या ओढणीत गुंडाळलेली. "आजोबा, येता का संगं?"

मी म्हटलं, "पत्र लिहून राह्यलो बाई. तू हो पुढं."

फाटक वाजलं. गेली ती.

गुरुजी, ते झाड शेळीनं खाल्लं नव्हतं. महिनाभर मी त्याला पाणीच घातलं नव्हतं, आणि वाळलेली पानं मीच खुडून कुंपणापलीकडे टाकली होती.