एका बाजूला जाड भाकरी

परभणी,
दि. २० फेब्रुवारी २०२४

ती. मालनआत्यास,
निकिताचा शि. सा. न. वि. वि.

कालचा डबा पोचला. गाडी उशिरा आली, पण कंडक्टरने खिडकीतूनच पिशवी माझ्या हातात दिली. वांग्याची भाजी जरासुद्धा सांडली नव्हती. तुझी गाठ सोडता सोडता मात्र माझी नखं मोडायची वेळ आली. इथे सगळ्या मुलींना घरून फोन येतात आणि मला डबा येतो. आबांनी कॉलेजला पाठवताना मोबाईल काढून घेतला, त्याचा एवढा एकच फायदा झाला की आपल्या दोघींची पत्रं सुरू झाली. खोलीतली वैष्णवी यावरून मला रोज चिडवते.

काम असं आहे. आठ मार्चला कॉलेजात मुलींची भाषणं आहेत. विषय आहे 'मला घडवणारी स्त्री'. मराठीच्या सुकेशनी मॅडमनी बजावलंय की भिंतीवरच्या तसबिरीतल्या बायकांवर बोलू नका, जिच्या हातचं खाता तिच्याबद्दल बोला. मी तर तुझ्याच हातचं खाते, कारण पहाटेच्या गाडीसाठी आईआधी तूच उठतेस. तेव्हा तुझ्या कॉलेजातले आणि नंतरचे अनुभव लिहून पाठव. मुलींसाठी थोडा उपदेशही असू दे. आढेवेढे घेऊ नकोस.

आईला आणि आबांना नमस्कार सांग. तुझा जीव माझ्यावर आहेच, तो तसाच राहू दे.
तुझी,
निकिता


राणीसावरगाव,
दि. २४ फेब्रुवारी २०२४

चि. निकितास,
अनेक उ. आ.

तुझं पत्र रिकाम्या डब्यात मिळालं. डबा खरकटाच होता. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षापर्यंत भांडं घासायला शिकवत नाहीत वाटतं.

माझे कसले अनुभव विचारतेस? नवऱ्याला सोडून कलेक्टर झालेल्या बाईला लोक टाळ्या देतात. मी सोडून आले आणि भावाच्या चुलीपुढे बसले. तरी विचारलंस म्हणून लिहिते. गंगाखेडच्या कॉलेजात मीही दुसऱ्याच वर्षाला होते. गावातून कॉलेजला जाणारी मी एकटी, आणि मला सायकलवर स्टँडपर्यंत सोडायचा तो तुझा आबा, माझा दादा. खोटं वाटेल तुला. परीक्षेच्या तोंडावर जिंतूरचं स्थळ आलं. परीक्षा काय, लग्नानंतरही देता येते, असं घरात सगळे म्हणाले. मीही तेच म्हणाले.

तिकडे तो दारू न पिता मारायचा, त्यामुळे दारूवर ढकलायचीही सोय नव्हती. एकदा उजवं मनगट मोडलं. दवाखान्यात नेलं तर विचारतील म्हणून घरीच बांधलं, ते वाकडं बसलं. त्या हाताने भाकरी थापली की एका बाजूला जाड राहते. तू लहानपणी ती जाड बाजू माझ्यासाठी ठेवायचीस, आठवतं का? मी माहेरी आले ती परत गेले नाही. दादाने घरात घेतलं हे त्याचे उपकार. वहिनी ते रोज बोलून दाखवत नाही, हे तिचे.

उपदेश एकच. परीक्षा आणि लग्न एका महिन्यात आलं तर परीक्षेला जा, लग्नाला थांबता येतं. पण भाषणात माझं नाव नको, राणीसावरगाव नको, जिंतूर तर नकोच.

तब्येतीला जप. आशीर्वादासह,
मालनआत्या


परभणी,
दि. ९ मार्च २०२४

ती. मालनआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आत्या, पहिला नंबर आला!

कुणाचंही नाव घेतलं नाही, गावही नाही. फक्त म्हटलं की माझ्या डब्यातली भाकरी एका बाजूला जाड असते आणि ती तशी का असते ते सांगते.  शेवटी तुझं परीक्षेचं वाक्य सांगितलं तेव्हा मुली उभ्या राहून टाळ्या वाजवायला लागल्या. कार्यक्रम झाल्यावर एक मुलगी कोपऱ्यात नेऊन म्हणाली की तिचंही लग्न एप्रिलमध्ये धरलंय आणि ती आज घरी नाही म्हणून कळवणार आहे. प्राचार्य सर म्हणाले की अशा प्रेरणादायी स्त्रिया समाजापुढे यायला हव्यात. हे सगळं तुझं आहे, आत्या.

वैष्णवीने मोबाईलवर सगळं भाषण घेतलंय. तू कधी परभणीला आलीस की दाखवीन. आज डबा घासून पाठवते आहे, बघून घे.

अशीच पाठीशी राहा.
तुझी लाडकी,
निकिता


राणीसावरगाव,
दि. १४ मार्च २०२४

चि. निकितास,
आशीर्वाद.

तुझ्या पत्राआधी तूच गावात आलीस. ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये तू बोलायलीस. फोन नाही तो फक्त तुझ्याकडे, म्हणून तुला पत्ता नाही. दादाला चहाच्या हॉटेलात कुणीतरी दाखवलं. तो तिथून उठून शेतात गेला आणि अंधार पडल्यावरच घरी आला.

नाव घेऊ नकोस म्हटलं, तर तू माझा हात दाखवलास. अगं, ती भाकरी या गावातल्या प्रत्येक लग्नाच्या पंगतीत गेली आहे. आणि जिंतूरला माझ्या नणंदेने, दगडाबाईने, नावं ठेवत का होईना, ती रोज खाल्ली आहे. तुझ्यावर मी रागावले आहे. तुझा हेतू चांगला होता, हे मला कळतं. राग त्याने जात नाही.

काल दगडाबाई आल्या. आधी रडल्या. मग सांगितलं की दिवाळीपासून त्यांच्या भावाला लकवा आहे, अंथरुणातच सगळं करावं लागतं, आणि त्यांच्याने आता होत नाही. जगात बदनामी केलीत, आता येऊन भरून द्या, असं म्हणाल्या. दादा त्यांना एका शब्दाने बोलला नाही. त्या गेल्यावर मात्र म्हणाला की पोरगी स्टेजवर घराची लक्तरं मांडायलीय, लय झालं शिकणं, रविवारी जाऊन घेऊन येतो. मी त्याला थांबवलं आहे. कसं, ते विचारू नकोस. पाडव्याला घरी येऊ नकोस. अभ्यास कर.

काळजीत असलेली,
आत्या


परभणी,
दि. २२ मार्च २०२४

ती. मालनआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आठवडाभर डब्यातली भाकरी सगळीकडून सारखी येत होती. मी वैष्णवीला म्हटलंसुद्धा की आत्याचा राग अजून उतरला नाही, आईलाच थापायला लावते. काल डबा घेऊन आईच आली. तू जिंतूरला गेलीस, असं तिने स्टँडवरच सांगितलं आणि परतीच्या गाडीत बसून निघून गेली. पत्ता तिनेच दिला. पहिल्यांदाच पोस्टाने लिहिते आहे.

मी परीक्षा देणार नाही. ज्या माणसाने तुझा हात मोडला त्याचं तू अंथरूण काढायचं आणि मी इथे पेपर लिहायचे, हे मला जमणार नाही. मी येते आणि तुला घेऊन जाते. कुठे नेणार ते मला माहीत नाही.

हे सगळं सुकेशनी मॅडमना सांगितलं. त्यांनी मला समोर बसवलं. मग म्हणाल्या की कॉलेजात असताना एका सरांनी वर्गात त्यांच्या जातीवरून टोमणा मारला, म्हणून त्यांनी त्या विषयाचा पेपर रागाने सोडला होता. वर्ष त्यांचं गेलं, सरांना कळलंही नाही. पण त्यांचं ऐकावंसं मला वाटत नाही. माझी चूक झाली, आत्या. मला माफ नाही केलंस तरी चालेल, पण परत ये.

निकिता


जिंतूर,
दि. २८ मार्च २०२४

चि. निकितास,
अनेक आशीर्वाद.

इथे येऊ नकोस. आलीस तर मी दार उघडणार नाही.

आता नीट वाच. मी तुझ्यासाठी बळी गेले वगैरे मनात आणू नकोस, आणि कुणाला सांगू तर मुळीच नकोस. मी सौदा केला. दगडाबाईंना परत बोलावलं आणि त्यांच्यासमोर दादाला बेल-भंडारा उचलायला लावला. निकीची पदवी होईपर्यंत कॉलेज बंद करणार नाही आणि लग्नाचा विषय काढणार नाही, असं देवापुढे त्याच्या तोंडून वदवून घेतलं. मगच पिशवी भरली. दादा मला सोडायला स्टँडवर आला होता. गाडी हलेपर्यंत तो खाली बघत होता. मला त्याची दया आली नाही.

इथलं काय सांगू? ते बोलू शकत नाहीत, नुसते बघतात. पहिल्या दिवशी भरवायला गेले तेव्हा माझ्या हाताकडे बघून त्यांनी तोंड फिरवलं. भूक लागल्यावर उघडलं. मला वाटलं होतं, त्यांचे हाल बघून बरं वाटेल. तसंही वाटलं नाही. फक्त कंबर दुखते.

तुझ्या मॅडम शहाण्या आहेत. त्यांचं ऐक. तू पेपर सोडलास तर मी इथे फुकट आले, एवढं ध्यानात ठेव. सोमवारपासून जिंतूरच्या गाडीला स्टँडवर जात जा. डबा माझाच येईल. ही अट मी दगडाबाईंना आधीच घातली होती.

पोटभर जेव. तुझी,
आत्या


परभणी,
दि. २५ फेब्रुवारी २०२५

ती. मालनआत्यास,
निकिताचा शि. सा. न. वि. वि.

डबा रोज मिळतो. जाड बाजू मी आता शेवटी खाते.

एक गोष्ट लिहावी की नाही, हे ठरत नव्हतं. यंदा आठ मार्चला कॉलेजने तुझा सत्कार ठरवलाय. त्या व्हिडिओवरून त्यांना तुझं नाव गावातूनच कळलं, आणि पत्रिका छापून झाल्या. त्यात तुझ्या नावापुढे 'अन्यायाविरुद्ध घराबाहेर पडलेल्या प्रेरणादायी माता-भगिनी' असं आहे. मी प्राचार्य सरांना जाऊन सांगितलं की ती परत गेली आहे. ते म्हणाले की तेवढं सांगायची गरज नाही, मुलींचा हिरमोड होईल. सुकेशनी मॅडम बैठकीतून उठून गेल्या म्हणे. तू आली नाहीस तर शाल आणि नारळ मी घ्यायचा आहे. काय करू?

एक बरी बातमी. त्या एप्रिलच्या लग्नाच्या मुलीने खरंच परीक्षा दिली. लग्न मेमध्ये झालं. आता ती कॉलेजला येत नाही.

तुझ्या उत्तराची वाट बघते.
निकिता


जिंतूर,
दि. २ मार्च २०२५

चि. निकितास,
अनेक उ. आ.

माझं येणं व्हायचं नाही. त्यांची कूस सारखी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. दगडाबाई हल्ली फिरकत नाहीत.

सत्कार तू घे. नको म्हणून भांडू नकोस, शेवटचं वर्ष आहे, प्राचार्यांच्याच सहीने कागद मिळायचे आहेत. पण भाषण करू नकोस. ती लग्न झालेली पोर कुठे दिली, ते मात्र शोधून ठेव आणि तिला पत्र टाक.

महत्त्वाचं सांगते. दादाची शपथ पदवीपर्यंतची आहे. तुझा निकाल लागला की ती संपली. त्याआधी मॅडमना भेट आणि पुढचा प्रवेश, नोकरी, जे हाताला लागेल ते पक्कं कर. पुन्हा सौदा करायची वेळ आली तर द्यायला माझ्याकडे आता काही नाही.

नारळ फोडून मैत्रिणींना वाट. शाल तुझ्याकडेच राहू दे, थंडीत अंगावर घे. डब्याच्या पिशवीतून इकडे पाठवू नकोस. इथे आली की मला ती त्यांच्याच अंगावर घालावी लागेल.

जिथे असशील तिथे सुखी राहा.
तुझी,
मालनआत्या