पडद्यावर न दिसणारी तपासणी

मॅडम, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तरी परवा तळोज्यात तुमची इतकी आठवण आली की लिहायला बसले. मी आता तिथल्या एका रसायनांच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळते. सकाळी वीज गेली, परत आली, आणि प्रयोगशाळेतलं लिनक्सचं मशीन सुरू होता होता अडलं. नुसता काळा पडदा. नऊ वर्षांचे चाचण्यांचे रिपोर्ट त्याच डिस्कवर, शेवटची कॉपी महिन्याभरापूर्वीची. गेटवर टँकर रिपोर्टसाठी खोळंबलेला. "हँग झालंय, मारा रीस्टार्ट!" म्हणत प्रयोगशाळेचे साहेब बटणाकडे हात नेतात आणि मी तो हात धरते. चक्क धरते.

"थांबा सर. डिस्कचा दिवा लुकलुकतोय. वीज गेली होती ना, मशीन आतून डिस्कची तपासणी करत असणार. मध्येच बंद केलं तर आहे तेही जाईल."

"मग स्क्रीनवर काहीच का नाही?"

"ते नंतर बघू."

सानपाड्यातला तुमचा क्लास म्हणजे दोन खोल्या, चार मशीन आणि खिडकीत वाळत घातलेल्या मिरच्या. अशीच तपासणी चालू असताना कंटाळून मी प्लग ओढला होता. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "गप्प आहे म्हणजे रिकामं बसलंय, असं कोणी सांगितलं गं तुला?" मला रडूच फुटलं. मग संध्याकाळपर्यंत शेजारी बसून ते मशीन तुम्ही माझ्याच हातून पुन्हा उभं करून घेतलंत. मध्ये थालीपीठाची ताटली पुढे सरकवलीत.

परवा चाळीस मिनिटांनी लॉगिन आलं. रिपोर्ट सगळे जागेवर होते, टँकर गेला. दुपारी कारण सापडलं: मशीन सुरू होतानाच्या सूचनांमध्ये 'क्वायट', म्हणजे 'गप्प', असा एक शब्द होता, म्हणून तपासणी चालायची पण तिचे टक्के पडद्यावर यायचेच नाहीत. तो काढला आणि मुद्दाम तपासणी लावून मशीन पुन्हा सुरू केलं. आकडे चढू लागले. साहेब खुर्ची ओढून मॅचचा स्कोअर बघावा तसे बघत बसले. "हे आधी दिसलं असतं तर मी हात लावला असता का हो?" म्हणाले आणि स्वतःच चहा सांगितला. फार बरं वाटलं, मॅडम.

हे पत्र वहीतच राहणार. फक्त तुम्हाला सांगते: साहेबांशी ठासून बोलले खरी, पण खात्री मलाही नव्हती. ती चाळीस मिनिटं मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते, बटणाकडे जाऊ नयेत म्हणून.