अम्मीच्या फोनमधली उर्दू

१७ जून, मंगळवार

खुलताबादहून अन्सारचा फोन. धाकटा असून माझ्यावरच ओरडला. "बाजी, अम्मीला विचार, माझं चुकलं काय? लिहिलं, डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय — जवाब, आमीन. लिहिलं, म्हैस मेली — तरी आमीन!"

अम्मीला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून तो उर्दूत लिहून पाठवतो. बायको गेल्यापासून एकटा आहे, असं काही मनाला लागतं त्याच्या. अम्मीला विचारलं तर म्हणते, "दुआ भेजता मेरा बच्चा. आमीन नै बोलूँ?"

१८ जून

समजलं. नमाजनंतर अम्मीने फोन उघडला, अन्सारचा मेसेज डोळ्यांना लावला आणि फोन वरच्या फळीवर ठेवला.

"वाचला नाहीस?"

"अरबी है. इतनी बारीक. पढूँ कैसे?"

ईदेला मीच घेऊन दिलेला नवा फोन. त्यावर उर्दू सरळ, सुटसुटीत उमटते — कुरआनातल्या अरबीसारखी. जुन्या फोनवर तिच्या सवयीची तिरकी, उतरत जाणारी उर्दू दिसायची. मी मराठी शाळेतली. मला दोन्ही सारख्याच, वाचता एकही येत नाही. परवा मी तिचा फोन पलंगाच्या पायथ्याशी टाकला तर ती का चिडली, ते आज कळलं — तिच्या लेखी त्यात दुआ होत्या.

अन्सारला सांगितलं नाही. आधी दुरुस्त करते. इतकी वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, एक फॉन्ट बदलता येणार नाही?

१९ जून

नाही आला. सेटिंगमधल्या फॉन्टनी फक्त इंग्रजी बदलतं. एक उतरवून घेतला — चालत नाही म्हणे. अक्षर मोठं केलं — मोठी अरबी. शेवटी गारखेड्यातल्या मोबाइलवाल्याकडे गेले.

"मॅडम, रीसेट मारू का? सगळं साफ होईल."

सगळं म्हणजे अन्सारचे मेसेजही. फोन त्याच्या हातातून काढून घेतला आणि निघाले.

२० जून

कशात लक्ष नाही. वरण करपलं.

२१ जून

फोनची भाषाच उर्दू केली. सगळा फोन उजवीकडून डावीकडे फिरला आणि मला परत फिरता येईना.

"अम्मी, इथं काय लिहिलंय?"

तिने चष्मा चढवला. ती वाचत गेली, मी बोट दाबत गेले. मध्येच चुकले तर, "नीचे का बोली मैं. नीचे का. मास्तरीण बनी कैसे तू?" मग मेसेज उघडले — तिरक्या, उतरत्या ओळी. ती थांबली. "ये तो अपनी उर्दू है."

ईदेपासूनचे सगळे वाचले. जेवायला उठली नाही.

"काय लिहितो?"

"ऑपरेशन के बाद देखने कू कोई नै. कमरा रंगाया बोलता. अम्मी, अब इधरीच रहो बोलता."

माझी मुलं परगावी. या घरात आम्ही दोघीच. म्हटलं, "मग कळव ना त्याला, जमणार नाही म्हणून."

"कैसे, गजाला? मैं आमीन बोल चुकी."

२४ जून

सकाळी अम्मीला खुलताबादला सोडून आले. संध्याकाळी माझ्या फोनवर तिचा मेसेज. लांबलचक, उर्दूत. मला वाचता येत नाही, हे विसरली.

फोन पलंगाच्या पायथ्याशी होता. उचलून वरच्या फळीवर ठेवला.